वॉशिंग्टन राज्याच्या मत्स्य व वन्यजीव विभागाच्या निधीतील कपात: योग्य की अयोग्य?

पाणवठा

वॉशिंग्टन राज्यात राहणाऱ्या मराठी कुटुंबांचा इथल्या मत्स्य व वन्यजीव विभागाशी वरचेवर संबंध येतो, पण त्या विभागाचे नाव फारसे कोणाच्या लक्षात राहत नाही. ऑक्टोबरमध्ये मुलांना घेऊन इसाक्वाहच्या मत्स्यबीज केंद्रावर सामन (सॅल्मन) मासे पाहायला जाणे, रशियाच्या रँगल बेटावरून येऊन स्कॅगिटच्या शेतांवर हिवाळा काढणारे हजारो पांढरे हंस (स्नो गीज) पाहणे, समुद्रकिनारी शिंपले खणणे, या सगळ्यामागे हाच विभाग उभा असतो. सुमारे दहा लाख एकर जमीन आणि ऐंशीच्या आसपास मत्स्यबीज केंद्रे तो सांभाळतो. या विभागाच्या निधीला लागलेल्या कात्रीबद्दल आपल्यात चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. २०२३ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने जैवविविधतेच्या कामासाठी या विभागाला दोन वर्षांकरिता २ कोटी ३० लाख डॉलर दिले. ज्या प्राण्यांची कोणी शिकार करत नाही आणि ज्यांच्यासाठी कोणी परवाना काढत नाही, त्यांच्यासाठी ही रक्कम होती. पुढे राज्याच्या तिजोरीत अब्जावधी डॉलरची तूट दिसू लागली, राज्यपाल बॉब फर्ग्युसन यांनी खात्यांना खर्च कमी करायला सांगितले आणि १ जुलै २०२५ पासून लागू झालेल्या २०२५-२७ च्या अर्थसंकल्पात या निधीत कपात झाली. त्याच वेळी शिकार आणि मासेमारीच्या परवान्यांचे शुल्क ३८ टक्क्यांनी वाढले, आणि १ ऑक्टोबरपासून राज्याच्या उद्यानांत आणि सार्वजनिक जमिनींवर गाडी नेण्यासाठी लागणारा वार्षिक डिस्कव्हर पास ३० डॉलरवरून ४५ डॉलरवर गेला.

माझे म्हणणे असे की ही कपात चुकीच्या ठिकाणी झाली आहे, आणि ती तिथे का झाली हे कळण्यासाठी विभागाकडे पैसा कोणत्या वाटांनी येतो ते पाहावे लागेल. एक वाट परवान्यांची. दुसरी वाट संघराज्य सरकारची: १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर, तर १९५० च्या डिंगेल-जॉन्सन कायद्याने मासेमारीच्या साहित्यावरचा कर राज्यांना वाटून दिला जातो. या दोन्ही वाटांनी येणारा पैसा शिकारी आणि मासेमार यांच्याकडून येतो, आणि बऱ्याच अंशी त्यांच्याच आवडीच्या प्राण्यांवर खर्च होतो. पहिला कायदा पक्षी व सस्तन प्राण्यांपुरता आहे, दुसरा गळाने धरल्या जाणाऱ्या माशांपुरता. ऑरेगॉन ठिपकेदार बेडूक किंवा टेलर्स चेकरस्पॉट हे फुलपाखरू या दोन्ही कायद्यांच्या बाहेर राहतात. त्यांच्यासाठी मुख्य आधार उरतो तो तिसऱ्या वाटेचा, म्हणजे तुमच्याआमच्या करांतून भरणाऱ्या सर्वसाधारण निधीचा. नेमकी हीच वाट विधिमंडळ दर दोन वर्षांनी रुंद किंवा अरुंद करू शकते.

२०१५ च्या राज्य वन्यजीव कृती आराखड्यात विशेष संरक्षणाची गरज असलेल्या २६८ प्रजाती नोंदवलेल्या आहेत. त्यांपैकी कोलंबिया खोऱ्यातील पिग्मी सशाची गोष्ट सांगतो. पूर्ण वाढलेला हा ससा अर्धा किलोही भरत नाही आणि हिवाळ्यात जवळजवळ केवळ सेजब्रश नावाच्या झुडपाच्या पाल्यावर जगतो. २००१-०२ च्या सुमारास या वंशाचे शेवटचे १६ ससे पकडून बंदिस्त प्रजनन सुरू करावे लागले. शुद्ध वंश टिकत नाही असे दिसल्यावर आयडाहोतील सशांशी संकर केला, नंतर सेजब्रशच्या माळावर मोठी कुंपणे घालून त्यांत ससे वाढवले आणि तिथून मोकळे सोडले. २०१७ आणि २०२० च्या वणव्यांत त्यांचे मोठे नुकसान झाले आणि बरेचसे काम पुन्हा उभे करावे लागले. असे काम दोन वर्षे थांबवून, तिजोरी भरल्यावर परत हाती घेता येत नाही, कारण मधल्या काळात ससाच उरणार नाही.

हिशेबनीस

पाणवठा, तुमची कळकळ मला मान्य आहे, पण राज्याचा अर्थसंकल्प कोणत्या बंधनांत तयार होतो हे बाजूला ठेवून या कपातीकडे पाहणे मला योग्य वाटत नाही. या राज्याच्या घटनेने मुलांचे शिक्षण हे राज्याचे सर्वोच्च कर्तव्य ठरवले आहे, आणि २०१२ च्या मॅक्लिअरी निकालात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात कुचराई केल्याबद्दल राज्याला खडसावले होते. वैद्यकीय साहाय्याचा मोठा भाग संघराज्याच्या नियमांनी बांधलेला आहे. शिवाय जमाखर्च चालू दोन वर्षांपुरता जुळवून भागत नाही, पुढील दोन वर्षांचाही मेळ बसवावा लागतो, असा कायदाच आहे. या साऱ्यानंतर ज्या खर्चाला हात लावता येतो असा भाग लहानच उरतो, आणि वन्यजीव विभाग त्या भागात येतो. तो वगळायचा असेल तर त्याच्या जागी कोणते काम कापायचे, हेही सांगायला हवे. वृद्धांची घरपोच सेवा कापायची, की मानसिक आरोग्याची केंद्रे?

दुसरा मुद्दा २०२३ च्या रकमेचा. ती रक्कम तिजोरी भरलेली असताना दिली गेली. चांगल्या वर्षातल्या उत्पन्नावर कायमस्वरूपी कामे उभी करायची आणि उत्पन्न घटले की त्या कामांना पवित्र मानायचे, या पद्धतीमुळेच तूट वाढत जाते. विभागाला नवा पैसा मिळालेलाच नाही असेही नाही. परवान्यांचे शुल्क ३८ टक्क्यांनी वाढले आहे आणि ती २०११ नंतरची पहिली सर्वसाधारण वाढ आहे. शिकार न होणाऱ्या प्राण्यांसाठी सर्वसाधारण निधीशिवाय काहीच नाही, हेही पूर्ण चित्र नाही. १९७३ मध्ये या राज्यातील मतदारांनी गाड्यांच्या आवडत्या क्रमांकाच्या पाट्यांवरील शुल्क याच प्राण्यांसाठी राखून ठेवले, आणि तो पैसा आजही येतो.

तिसरे, ज्या विभागाचे धोरण ठरवणारा नऊ सदस्यांचा आयोग स्वतःच दुभंगलेला आहे, त्याला अधिक पैसा देण्याआधी विधिमंडळाने हात आखडता घेतला तर मी त्याला दोष देणार नाही. वसंत ऋतूतील अस्वलांची शिकार बंद करण्याचा २०२२ चा निर्णय पाच विरुद्ध चार मतांनी झाला. त्यानंतर विधिमंडळाच्याच सांगण्यावरून विद्यापीठांच्या रकलसहाऊस केंद्राने या आयोगाच्या कारभाराचा अभ्यास केला, आणि आयोगाचे काम बिघडले आहे असे मत त्यात विविध बाजूंच्या लोकांनी नोंदवले. आधी घर सावरावे, मग मागणी करावी.

गळकरी

मी मूळचा अलिबागकडचा. इथे आल्यापासून दरवर्षी परवाना काढतो, त्यामुळे ज्यांचे शुल्क ३८ टक्क्यांनी वाढले त्या लोकांपैकी मी एक आहे. हिशेबनीस यांनी त्या वाढीला ‘नवा पैसा’ म्हटले, त्याला माझा आक्षेप आहे. एका बाजूने परवानाधारकांकडून जास्त घ्यायचे आणि दुसऱ्या बाजूने सर्वसाधारण निधीतून मिळणारे कमी करायचे, यात विभागाच्या हाती नवे काय आले? आमच्याकडून घेतलेला पैसा मासे आणि वन्यजीवांसाठीच वापरला जावा अशी संघराज्याच्या कायद्याची अट आहे आणि ती अक्षरशः पाळलीही जाते. मात्र आमच्या पैशाच्या भरवशावर राज्याने आपला वाटा मागे घेतला तर त्या अटीचा हेतू साधत नाही.

पाणवठा यांच्याशीही मी पूर्ण सहमत नाही. शिकारी आणि मासेमार यांचा पैसा त्यांच्याच आवडीच्या प्राण्यांवर जातो, हे त्यांचे वाक्य अपुरे आहे. आमच्या पैशातून घेतलेल्या पाणथळ जमिनींवर बदकांबरोबर बेडूक, बगळे आणि घुबडेही राहतात. त्या जमिनींवर फिरायला येणारे बहुतेक लोक काहीच देत नव्हते. डिस्कव्हर पास आला तो २०११ मध्ये, आणि मूळ वाटपाप्रमाणे त्याच्या पैशातील ८४ टक्के राज्य उद्यानांना आणि केवळ ८ टक्के या विभागाला मिळतात. पक्षी पाहायला येणाऱ्यांनी पास काढला म्हणजे वन्यजीवांचा भार उचलला, असा गैरसमज आपल्या मंडळींतही आहे.

आता कपात प्रत्यक्षात कुठे जाणवते ते सांगतो. धक्क्यावर बोट लावली की विभागाचा एक कर्मचारी वही किंवा टॅब्लेट घेऊन येतो. किती तास गळ टाकून होतात, काय लागले, काय परत सोडले, हे तो विचारतो, सामनच्या शेपटीजवळच्या पाठीवरचा लहान मांसल पर कापलेला आहे की नाही ते पाहतो आणि माशाची लांबी मोजतो. तो पर कापलेला असेल तर मासा मत्स्यबीज केंद्रातला. शाबूत असेल तर बहुधा नैसर्गिक पैदाशीचा, म्हणून बहुतेक ठिकाणी परत सोडायचा. नव्या माणसाला हा सोपस्कार वाटतो. पण सिएटलजवळच्या प्यूजेट साउंड या खाडीतील चिनूक जातीचा सामन १९९९ पासून संघराज्याच्या संकटग्रस्त यादीत आहे, आणि तिथली मासेमारी चालू ठेवण्याची परवानगी किती मासे मेले याच्या नोंदींवर अवलंबून असते. नोंद घेणारा माणूस कमी केला की आकडा अनिश्चित होतो, आणि आकडा अनिश्चित झाला की हंगाम आखडता घ्यावा लागतो. म्हणजे शुल्क वाढले आणि मासेमारीचे दिवस घटले, असे दोन्ही बाजूंनी नुकसान परवानाधारकाचेच होते.

रेझर शिंपल्यांचेही तेच. लाँग बीच किंवा ट्विन हार्बर्सच्या वाळूत ओहोटीला बारीक खळगा दिसला की नळकांडे खुपसून शिंपला वर काढायचा, पहिले पंधरा निघाले की थांबायचे, मग ते लहान असोत वा तुटलेले. हे दिवस विभाग थोडे थोडे करून जाहीर करतो, कारण आधी उन्हाळ्यात वाळूतील शिंपल्यांची मोजणी झालेली असते आणि खणण्याआधी शिंपल्यांत साचणाऱ्या डोमॉइक आम्ल या विषाची तपासणी होते. मोजणारेच नसतील तर किनारा बंद ठेवणे एवढाच सुरक्षित निर्णय उरतो.

पूर्ववाहिनी

मी पशुवैद्यक आहे आणि राज्याच्या पूर्व भागात राहते. सिएटलच्या आसपास बसून ही कपात सशांपुरती किंवा सामनपुरती वाटते. इकडे तिचा संबंध रोगांशी आहे.

हरणे, एल्क आणि मूस यांना होणारा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा रोग १९६७ मध्ये कोलोरॅडोत पहिल्यांदा लक्षात आला. प्रिऑन नावाच्या विकृत प्रथिनामुळे तो होतो, त्याच्यावर औषध नाही, लस नाही, आणि हे प्रथिन मातीत वर्षानुवर्षे टिकून राहते. वॉशिंग्टनमध्ये तो २०२४ मध्ये स्पोकेनच्या उत्तरेला मेलेल्या एका पांढऱ्या शेपटीच्या हरिणीत सापडला. तो आपोआप सापडलेला नाही. त्याआधी काही वर्षे विभागाची माणसे रस्त्यावर मेलेली आणि शिकाऱ्यांनी आणलेली हरणे तपासत होती. घशामागच्या लसीका ग्रंथी कापून काढायच्या, लेबल लावून प्रयोगशाळेत पाठवायच्या, हे काम एका हरणामागे काही मिनिटांचे असते, पण ते शेकडो हरणांवर, थंडीत, शिकारीच्या हंगामातील शनिवार-रविवारी करावे लागते. आता स्पोकेन परिसरातील काही शिकार विभागांत ही तपासणी सक्तीची आहे. हे काम आटोपते घेतले तर रोग कुठवर पोचला ते कळणार नाही, आणि ज्या राज्यांत तो पसरला तिथे त्याला मागे हटवणे कोणालाही जमलेले नाही.

लांडग्यांबाबतही असेच आहे. २०२४ च्या अखेरच्या गणतीत राज्यात २३० लांडगे मोजले गेले, आणि गणना सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच संख्या आधीच्या वर्षापेक्षा कमी भरली. इकडच्या पशुपालकाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न संख्येपेक्षा वेगळा आहे. वासरू मेलेले आढळले की ते लांडग्याने मारले की आणखी कशाने, हे तपासायला माणूस लगेच यावा लागतो. मृतदेह उन्हात पडून राहिला, गिधाडांनी आणि कोयोटींनी फाडला की दातांच्या खुणा, कातडीखालचा रक्तस्राव, काहीच ओळखता येत नाही. मग भरपाई मिळत नाही, पशुपालक चिडतो आणि लांडग्यांवरचा राग वाढतो. कळपाबरोबर घोड्यावरून फिरणारे राखणदार ठेवण्यासाठी लागणारा पैसाही असाच आटला तर पशुपालक आणि लांडगे दोघांचेही नुकसान होईल. हिशेबनीस यांनी विचारले की त्याऐवजी कशात कपात करायची. माझा प्रतिप्रश्न असा की या कामातील कपातीने जो खर्च पुढच्या पाच-दहा वर्षांत उभा राहील, तो कोणत्या रकान्यात मांडायचा?

हिशेबनीस

पूर्ववाहिनी यांचा मुद्दा वजनदार आहे. रोगतपासणी हे काम कापू नये, असे माझेही मत आहे. पण त्यातूनच माझा पुढचा मुद्दा निघतो. सर्वच कामे सारखी निकडीची आहेत असे म्हटले की क्रम लावता येत नाही, आणि क्रम लावला नाही तर कात्री सर्वांना सारखी लागते. क्रम लावण्याचे धाडस विभागाने दाखवले पाहिजे.

मत्स्यबीज केंद्रांचेच उदाहरण घ्या. त्यांतील अनेक केंद्रे पन्नास, साठ, सत्तर वर्षे जुनी आहेत, पाइप आणि टाक्या झिजल्या आहेत आणि त्यांच्या दुरुस्तीला फार मोठा पैसा लागणार आहे. दुसरीकडे, केंद्रांत वाढलेले मासे नदीत नैसर्गिक माशांशी मिसळले की पुढील पिढीची तग धरण्याची क्षमता घटते, असे या क्षेत्रातील संशोधन वर्षानुवर्षे सांगत आले आहे. ज्यामुळे नैसर्गिक सामनचे नुकसान होते त्यावर पैसा घालायचा आणि त्याच वेळी नैसर्गिक सामन वाचवण्यासाठीही पैसा मागायचा, ही विसंगती दूर केली तर सशांसाठी आणि हरणांच्या तपासणीसाठी आतूनच पैसा निघू शकेल.

पाणवठा

हिशेबनीस, मत्स्यबीज केंद्रे बंद करण्याचा अधिकार राज्याला एकट्याने वापरता येत नाही, हे इथे लक्षात घ्यावे लागेल. एकोणिसाव्या शतकात मूलनिवासी जमातींनी तहांवर सह्या करून आपली बहुतेक भूमी दिली, पण परंपरागत जागी मासेमारी करण्याचा हक्क राखून ठेवला. राज्याने तो हक्क अनेक दशके तुडवला, मासे धरणाऱ्या माणसांना अटक केली, जाळी जप्त केली. १९७४ मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की धरण्याजोग्या माशांपैकी निम्मा वाटा या जमातींचा आहे. तेव्हापासून त्या राज्याच्या बरोबरीने मत्स्यव्यवस्थापन करतात. धरणे, लाकूडतोड आणि शहरांनी नद्या बिघडवल्यामुळे आज त्या वाट्यातील मासे मोठ्या प्रमाणात केंद्रांतूनच येतात. आधी नद्या बिघडवायच्या, मग त्या नुकसानीची भरपाई म्हणून उभारलेली केंद्रे खर्चिक ठरवायची, आणि त्यात ज्यांनी नद्या बिघडवल्या नाहीत त्या जमातींचा वाटा आटवायचा, याला मी काटकसर म्हणू शकत नाही. दक्षिणेकडील निवासी ऑर्का (काळेपांढरे शिकारी देवमासे) आता पंचाहत्तरही उरलेले नाहीत, आणि त्यांचे मुख्य अन्न चिनूक सामन हेच आहे; २०१८ मध्ये नेमलेल्या ऑर्का कार्यगटाच्या शिफारशींत केंद्रांतून अधिक चिनूक सोडण्याचा उपायही होता.

खरी विसंगती मला वेगळ्या ठिकाणी दिसते. रस्त्यांखालच्या ज्या मोऱ्या सामनची वाट अडवतात त्या बदलण्याचा आदेश २०१३ मध्ये न्यायालयाने राज्याला दिला, २०१८ मध्ये संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध चार अशी मते पडल्याने तो कायम राहिला, आणि राज्य त्यावर अब्जावधी डॉलर खर्च करत आहे. तो खर्च योग्यच आहे. पण मोरी उघडल्यावर वरच्या ओढ्यात किती मासे पोचले, त्यांनी कुठे अंडी घातली, हे मोजणारे जीवशास्त्रज्ञ त्याच काळात कमी केले तर अब्जावधींच्या कामाचे फलित कळणारच नाही.

ताडोबाप्रेमी

मी नागपूरहून लिहितो आहे. तिकडचे बारकावे मला ठाऊक नाहीत, पण पैशाच्या रचनेबद्दल आमच्याकडचा अनुभव सांगण्यासारखा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २००६ च्या दुरुस्तीने व्याघ्र प्रकल्पांना स्वतंत्र प्रतिष्ठाने स्थापन करण्याची तरतूद झाली. ताडोबा-अंधारी प्रकल्पात प्रवेशशुल्काचा पैसा मुंबईच्या तिजोरीत न जाता प्रतिष्ठानाकडे राहतो आणि संरक्षणाच्या कामाबरोबर बफर क्षेत्रातील गावांसाठीही वापरला जातो. आपल्याकडे शिकारीला बंदी असल्याने परवाना शुल्काचा प्रश्नच नाही. पाहायला येणारा माणूस पैसे देतो. तुमच्याकडे वन्यजीव पाहणारे लोक शिकाऱ्यांच्या कित्येक पट असतील. त्यांच्याकडून जागेवरच शुल्क घेतले आणि ते त्याच जागेवर खर्च केले, तर विधिमंडळाच्या लहरीवर अवलंबून राहावे लागणार नाही.

पूर्ववाहिनी

ताडोबाप्रेमी, तुमचा अंदाज बरोबर आहे; २०१६ च्या राष्ट्रीय पाहणीत अमेरिकेत शिकारी १ कोटी १५ लाख आणि वन्यजीव पाहणारे ८ कोटी ६० लाख निघाले होते. पण ताडोबाची रचना वाघामुळे चालते. महाराष्ट्रातच पाहायचे तर सोलापूरजवळच्या नान्नजचे अभयारण्य १९७९ मध्ये माळढोकासाठी जाहीर झाले. तिथे जिप्सींच्या रांगा लागल्या नाहीत, आणि आज त्या माळावर माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. प्रवेशशुल्क नव्हते म्हणून तो पक्षी संपला असे माझे म्हणणे नाही, त्याला शेती, विजेच्या तारा आणि इतरही कारणे आहेत. पण ज्या प्राण्याला पाहायला कोणी येत नाही त्याचे रक्षण तिकिटाच्या पैशावर चालणार नाही, हे नान्नजवरून कळते. इथला सेजब्रशचा माळ नान्नजसारखाच आहे: पर्यटकाला ओसाड वाटतो, आणि सेज ग्राउझ नावाचा, माळढोकासारखाच नाचून मादीला आकर्षित करणारा पक्षी तिथे अखेरच्या घटका मोजतो आहे. २०२१ मध्ये राज्याने त्याला नष्टप्राय यादीत टाकले.

अमेरिकेत याला एक चांगला पर्याय सापडलेला आहे. मिसूरी राज्यात १९७६ मध्ये मतदारांनी विक्रीकरात एक अष्टमांश टक्क्याची भर घालून ती संरक्षणासाठी राखून ठेवली, म्हणजे आठ डॉलरच्या खरेदीवर एक सेंट. आर्कान्सासने १९९६ मध्ये आणि मिनेसोटाने २००८ मध्ये तोच मार्ग धरला. पैसा सर्वांकडून येतो, म्हणून कोणत्या प्राण्यावर खर्च करायचा हे परवान्यावरून ठरत नाही. संघराज्याच्या पातळीवर असाच प्रयत्न करणारे विधेयक २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहात संमत झाले, पण सिनेटमध्ये अडले.

हिशेबनीस

मिसूरीची तुलना वॉशिंग्टनला लागू पडत नाही. इथे वेतनावर प्राप्तिकर नसल्यामुळे राज्य विक्रीकरावरच फार अवलंबून आहे, आणि सिएटलमध्ये सगळे मिळून तो दहा टक्क्यांच्या वर गेलेला आहे. गरीब माणूस आपल्या कमाईचा मोठा हिस्सा खरेदीवर घालवतो, म्हणून विक्रीकराचा भार त्याच्यावर जास्त पडतो. सशांसाठी तो आणखी वाढवावा, असे मी म्हणणार नाही. शिवाय कर एकेका कामासाठी राखून ठेवत गेले की संकटाच्या वर्षी विधिमंडळाच्या हातात काहीच उरत नाही. भांडवली नफ्यावरील कराचा वरचा दर २०२५ मध्ये वाढवून ९.९ टक्के केला आहे. अधिक पैसा हवा असेल तर तो तिथून मागावा, आणि तो कोणत्या कामासाठी, किती वर्षांसाठी, कोणत्या मोजमापाने, हे लिहून मागावा. त्याला माझा पाठिंबा असेल.

गळकरी

एक व्यावहारिक मुद्दा अजून कोणी मांडलेला नाही. संघराज्याच्या त्या दोन कायद्यांखाली मिळणाऱ्या पैशात साधारणपणे पंचाहत्तर टक्के वाटा त्यांचा आणि पंचवीस टक्के राज्याचा असतो. राज्याने आपल्या वाट्याचा एक डॉलर मागे घेतला आणि तो दुसरीकडून भरून निघाला नाही, तर त्याच्यामागचे तीन डॉलरही येत नाहीत. म्हणून प्रत्येक कपातीपुढे एक प्रश्न विचारला पाहिजे: या डॉलरमागे बाहेरचा पैसा जोडलेला आहे का? हिशेबनीस, तुम्ही क्रम लावायला सांगता, तर क्रम लावण्याची पहिली कसोटी ही असू द्या.

पाणवठा

ही कसोटी उपयोगी आहे, पण तिच्यावरच क्रम लावला तर बेडूक आणि फुलपाखरू पुन्हा शेवटी जातील, कारण त्यांच्यामागे जोडलेला संघराज्याचा पैसा फार थोडा आहे. म्हणून मी सर्वसाधारण निधीतील जैवविविधतेचा भाग पूर्ववत करावा, हीच मागणी धरून राहणार आहे.

सम वर्षांत जानेवारीत विधिमंडळाचे साठ दिवसांचे अधिवेशन सुरू होते आणि त्यात पुरवणी अर्थसंकल्पावर सुनावण्या होतात, प्रतिनिधिगृहाच्या विनियोजन समितीपुढे आणि सिनेटच्या वेज अँड मीन्स समितीपुढे. सुनावणी सुरू होण्याच्या एक तास आधीपर्यंत विधिमंडळाच्या संकेतस्थळावर आपले नाव बाजूने, विरुद्ध किंवा इतर असे नोंदवता येते, लेखी म्हणणे देता येते आणि घरी बसून दूरदृश्य पद्धतीने बोलताही येते. आपल्यापैकी बरेच जण व्हिसावर आहेत आणि आपल्याला मत नाही म्हणून गप्प राहतात. नाव नोंदवायला मताधिकार लागत नाही. कर मात्र आपण सगळेच भरतो.

हिशेबनीस

मीही नाव नोंदवीन, पण ‘इतर’ या रकान्यात. रोगतपासणी आणि माशांची मोजणी यांतील कपात मागे घ्यावी, जैवविविधतेचा निधी प्रजातींची क्रमवारी सादर झाल्यावर टप्प्याटप्प्याने द्यावा, असे लिहीन. २६८ प्रजातींची यादी म्हणजे क्रमवारी नव्हे.

गळकरी

मग माझे नाव तुम्हा दोघांच्या मध्ये राहील. परवाना शुल्कातून वाढलेला प्रत्येक डॉलर सर्वसाधारण निधीच्या वर धरावा, त्याच्या बदल्यात धरू नये, एवढे एकच वाक्य मी लेखी देणार आहे. ते तुम्हा दोघांच्याही निवेदनात घालता आले तर पाहा, म्हणजे समितीपुढे तीन वेगवेगळ्या बाजूंनी एकच मागणी जाईल.